दोन अर्धे कप आणि निळी टोपी

"बेटा, अपना हवालदार गया..."

बदलापूरच्या आमच्या शाळेत फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर भूगोल शिकवत होते. शिपाई बोलवायला आला, मी हातातल्या खडूसकट ऑफिसात धावले, आणि पलीकडून लाजोआंटीचा तो खणखणीत आवाज आयुष्यात पहिल्यांदाच इतका बारीक होऊन आला. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि तशीच खुर्चीत मान टाकली, एवढं तिने सांगितलं आणि फोन ठेवायचं विसरून ती रडत राहिली. मीही खडू धरून तशीच उभी. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगितलं तर तुम्हाला मी निर्दय वाटेन. मला वाटलं, काका, जिंकलात तुम्ही! कारण ही बातमी देणाऱ्या बाईने एके काळी माझ्या आईच्या कपाळात हंडा घातला होता. चांगले तीन टाके पडले होते. आणि तीच बाई आज आमच्या आळीतल्या माणसाला 'अपना' म्हणत होती. त्या एका शब्दामागे काकांची कितीतरी वर्षांची बिनपगारी नोकरी होती. आता दीड महिना झाला, रडणं बरंचसं आवरलं आहे, तेव्हा त्या नोकरीबद्दल लिहायला बसले आहे.

यशवंत साळवे हे त्यांचं कागदावरचं नाव. आम्ही सगळे हवालदारकाका म्हणायचो. अंबरनाथ संपतं आणि उल्हासनगरचा कॅम्प पाच सुरू होतो, त्या सांध्यावर आमची घरं. वरच्या आळीत आम्ही, म्हणजे बहुतेक सगळी बौद्ध कुटुंबं. कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत. खालच्या आळीत बहुतेक सिंधी, आणि त्यांच्या घराघरात काहीतरी धंदा चाललेला. कुठे पापड, कुठे शिलाई, कुठे लोणच्याच्या बरण्या. दोन्ही आळ्यांच्या मधोमध एकच सार्वजनिक नळ. काका सैन्यातून निवृत्त होऊन एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला लागले होते. पण त्यांची खरी मिरवायची गोष्ट वेगळी होती. तरुणपणी ते शांतिसेनेत जाऊन आले होते! दोन देशांचं भांडण विकोपाला गेलं की जगातले बाकीचे देश आपापले थोडे थोडे जवान देतात आणि त्यांना त्या दोघांच्या मधे नेऊन उभं करतात, हे आम्हा पोरांना शाळेच्या पुस्तकाआधी काकांकडून कळलं. दूर कुठल्या तरी वाळवंटात, दोन देशांच्या मधे खणलेल्या एका चराच्या काठाने काका वर्षभर निळी टोपी घालून चालले होते.

त्या गोष्टी ऐकताना आमचे डोळे बशीएवढे व्हायचे. काकांना तिथल्या सोबत्यांची नावं काही केल्या उच्चारता यायची नाहीत, म्हणून ते माणसाला देशाच्याच नावाने हाक मारायचे. "ब्राझील फार घोरायचा गं. तंबू हलायचा." "कॅनडाला पत्ते खेळताना चिडायची सवय." आणि सगळ्यांत लाडका नॉर्वे. हा नॉर्वे सहा फूट उंच, लालबुंद, आणि काकांच्या डब्यातला ठेचा त्याने जॅम समजून पावाला लावला होता. "कान असे लाल झाले त्याचे, म्हटलं आता इथंच तिसरं युद्ध पेटतंय. पण पठ्ठ्या पाणी प्यायला आणि त्याने दुसरा पाव पुढे केला!" हे सांगताना काका स्वतःच इतके हसायचे की सुमनकाकू आतून ओरडायच्या, "अहो, शेजारी काय म्हणतील!" मी उंच आणि खादाड, म्हणून माझं नाव त्यांनी नॉर्वे ठेवलं. पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले त्याचं मूळ या बारशात आहे. ज्या देशाच्या नावाने आपल्याला हाक मारतात तो नकाशात कुठे आहे, हे एकदा तरी बघावंसं वाटतंच ना!

मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या उन्हाळ्यात नळाने रंग दाखवला. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, वस्ती वाढत चालली होती आणि पाणी सकाळी जेमतेम तासभर यायचं. आमच्या आळीचं म्हणणं, नळ आमचा, कारण पाइप वरून येतो. खालच्या आळीचं म्हणणं, नळ आमचा, कारण तोटीचं तोंड आमच्याकडे आहे. अशी दोन्हीकडची बिनतोड अक्कल. त्यात एके दिवशी आईने रांगेतला लाजोआंटीचा हंडा सरकवला की लाजोआंटीने आईचा, यावर अजूनही एकमत नाही. लाजोआंटी पापड लाटणारी बाई, मनगट असं की विचारू नका. हंडा आईच्या कपाळावर बसला, आईने खाली पडता पडता तिची वेणी धरली, आणि पाच मिनिटांत दोन्ही आळ्या एकमेकींच्या अंगावर. पोलीस आले, समज देऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाणीखात्याचा माणूस आला आणि त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "आणखी एकदा इथं मारामारी झाली ना, तर पाइपच कापून टाकतो. मग बसा भांडत." नळ गेला असता तर पुढचं पाणी चिखलोलीच्या बाजूच्या विहिरीचं. उन्हातून, डोक्यावर हंडे घेऊन, रोज. आमच्या आज्यापणज्यांनी पाण्यासाठी काय काय सोसलं ते ऐकत वाढलेल्या आम्हाला, आपल्या भांडणाने आपलं पाणी जाणार, याची लाज वाटायला हवी होती. पण लाज वाटायलाही डोकं शांत असावं लागतं. आमच्या घरी तर आईची पट्टी बघून बाबा दात-ओठ खात होते.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. डोळे चमकत होते. मला वाटलं, सांत्वनाला आलेत. कसलं काय! ते आनंदात होते.

"वहिनी, मला माणसं पाहिजेत. चार. आणि टोप्या पाहिजेत, निळ्या."

"भावोजी, माझं डोकं फुटलंय," आई म्हणाली.

"म्हणून तर! आता युद्धबंदी झालीय. युद्धबंदी झाली की शांतिसेना लागते." आणि ते खुर्ची पुढे ओढून आम्हाला समजावू लागले. शांतिसेनेने कोणाला मारायचं नसतं. लपायचं तर मुळीच नसतं. मधोमध, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं, म्हणून टोपी लांबून ओळखू येणारी. कोण आधी आलं, कोण नंतर, ते बघायचं आणि दोन्ही बाजूंना सारखं सांगायचं. आणि ड्युटीवर एका बाजूचा चहासुद्धा प्यायचा नाही. प्यायचा तर दोघांचा प्यायचा. "अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. आमच्या साहेबाचा नियम होता."

आईला ते पटलं की तिला टाक्यांमुळे वाद घालायचा कंटाळा आला, कोण जाणे. तिने मशीन काढलं. घरात जयंतीच्या पताका शिवून उरलेलं निळं कापड पडलेलंच होतं. तासाभरात चार टोप्या तयार! सकाळी काका, मी आणि आमच्या आळीतले आणखी दोघे, असे चौघे टोप्या घालून नळाशी छाती काढून उभे. मला तर आपण साक्षात वाळवंटात आहोत असंच वाटत होतं... आणि खालच्या आळीतून हंडे घेऊन येणाऱ्या बायका आम्हाला बघून जागच्या जागी थबकल्या. एकीने मागे फिरून हाक मारली. पुरुष बाहेर आले. कुणी तरी ओरडलं, "ये देखो, पूरा मोर्चा लेके आ गये!"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो निळा आमच्या झेंड्याचा निळा होता. आमच्या घराघरात, विहारात, मिरवणुकीत असणारा. आमच्या डोळ्यांना तो इतका सवयीचा की तो आमचा रंग आहे हेच आम्ही विसरलो होतो. खालच्या आळीला मात्र दिसलं ते एवढंच की वरच्या आळीने गणवेश चढवून नळ ताब्यात घेतला. लाजोआंटी गर्दीतून पुढे आली. कमरेवर हंडा, डोळ्यांत आग.

"टोपी तेरी, कपड़ा तेरा, आदमी तेरा," ती काकांना म्हणाली. "तो बीच में कौन खड़ा है, हवालदार?"

बाबांनी मागून बाह्या सरसावल्या. खालच्या आळीतल्या दोघांनी हंडे खांद्यापर्यंत उचलले. आता नळ गेलाच, असं मला अगदी स्वच्छ दिसलं. चिखलोलीची वाटसुद्धा दिसली. आणि तेवढ्यात काकांनी डोक्यावरची टोपी काढली. खाली बघितलं, टोपीकडे बघितलं आणि मोठ्ठ्याने हसले! हंडे उचलणारे हात तसेच राहिले.

"लाजोबाई," काका म्हणाले, "एकदम बरोबर बोललीस. आयला, केवढी मोठी चूक केली मी. बीच में कोई नहीं खड़ा है." मग आमच्याकडे वळून, "काढा रे टोप्या. काढा! आपण सगळे एका देशाचेच आलोत. अशी कुठं शांतिसेना असते का? आम्ही तिकडे होतो तेव्हा नॉर्वे होता, ब्राझील होता, कॅनडा होता. कुणाचं तिथं शेत नव्हतं की घर नव्हतं. म्हणून तर दोघे ऐकायचे."

आम्ही टोप्या काढल्या. त्या दिवशी पाणी कसंबसं भरलं गेलं, कारण काय करावं ते दोन्ही बाजूंना कळेना. शत्रूने चूक कबूल केली की भांडणारा माणूस पंचाईतीत सापडतो. दुपारी काका एकटे खालच्या आळीत लाजोआंटीच्या दारात गेले आणि म्हणाले, टोपीचं कापड तू निवड. ती म्हणे आधी दारच लावत होती. काका उंबऱ्याबाहेर बसून राहिले. शेवटी पापडाचं पीठ सुकायला लागलं म्हणून तिने दार उघडलं, असं ती सांगते. मला विचाराल तर तिच्या मनानेही घेतलं होतं. चिखलोलीची विहीर तिलाही दिसतच होती.

पण ती म्हणाली, मी एकटी निवडणार नाही, नाही तर तुमचे लोक म्हणतील सिंध्यांचा रंग. कमलबाईला पाठव माझ्याबरोबर. कमलबाई म्हणजे माझी आई. ज्या बाईने कपाळ फोडलं तिच्याबरोबर, कपाळावर पट्टी असताना, आई कॅम्प दोनच्या बाजारात गेली! मी सोबत होते म्हणून सांगते, वाटेत रिक्षात तिघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. दुकानात गेल्यावर मात्र जे घडलं ते बघायला काका हवे होते. दुकानदाराने आभाळी निळं कापड काढलं, आमच्या निळ्यापेक्षा फिकं, कुणाच्याच झेंड्याचं नसलेलं. दोघींनाही आवडलं. दुकानदाराने भाव सांगितला. लाजोआंटी सिंधीत त्याच्यावर तुटून पडली, "साईं, साईं" करत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो जरा खाली आला आणि थांबला. तेव्हा आईने, न सांगता न ठरवता, लाजोआंटीचा हात धरला आणि म्हणाली, "चला हो बाई, पुढच्या दुकानात बघू." लाजोआंटीने पण तोंड फिरवलं. दोघी पायरी उतरल्या. एक पायरी, दुसरी... "अरे बहनजी, सुनो तो!" दुकानदाराची हाक आली. आणि त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं! ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. येताना रिक्षात मी मधे बसले होते आणि माझ्या तोंडासमोरून दोघी त्या दुकानदाराच्या नकला करत होत्या.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते टाळी देत म्हणाले, "झालं! दोन देशांना तिसरा कुणी तरी पाहिजेच असतो. आपल्याला दुकानदार मिळाला." मग त्यांनी नवा नियम काढला, आणि तो मात्र त्यांचा स्वतःचा होता, वाळवंटातल्या कुठल्याही साहेबाचा नव्हे. आपल्या आळीच्या रांगेवर आपण पहारा करायचा नाही. आमची रांग लाजोआंटी बघणार, त्यांची रांग माझी आई. इथे नॉर्वे-ब्राझील आणायचे कुठून? तेव्हा एकमेकांनीच एकमेकांचे परके व्हायचं! पहिल्या दिवशी आईच्या डोक्यावर पट्टी आणि पट्टीवर आभाळी टोपी. समोर लाजोआंटी, तिची टोपी अंबाड्यावर काही बसेना. आमच्या आळीतल्या एका बाईने रांग मोडायला बघितली तर लाजोआंटीने नुसता हात आडवा केला आणि म्हणाली, "बहन, ड्युटी पे हूँ." हसावं की घाबरावं ते त्या बाईला कळलं नाही. ती मागे जाऊन उभी राहिली. नळ त्या उन्हाळ्यात तुटला नाही, पुढच्याही नाही.

आणि काका? ते नळाजवळच्या स्टुलावर बसायचे. फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी तासभर. आईकडून अर्धा कप चहा यायचा, लाजोआंटीकडून अर्धा कप. एकाच वेळी दोन्ही कप स्टुलाशेजारच्या दगडावर. ते एक घोट इकडचा घ्यायचे, एक घोट तिकडचा. यातून नवंच युद्ध सुरू झालं. आई रोज विचारायची, "भावोजी, खरं सांगा, चहा कोणाचा चांगला?" लाजोआंटी वेलची घालायची म्हणून तिला खात्री होती. आई आल्याची. काका टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "ड्युटीवर आहे मी." बास. पुढे साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी चहा बिनसाखरेचा सांगितला. आईने ऐकलं. लाजोआंटी म्हणे चोरून चिमूटभर घालायची आणि काका म्हणे चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत. याला मी खरी तटस्थता म्हणते!

नव्वदनंतर घरोघरी नळ आले आणि मधला नळ कोरडा पडला. माझं लग्न होऊन मी बदलापूरला आले. काका कारखान्यातूनही निवृत्त झाले, पण स्टूल, वेळ आणि दोन अर्धे कप चालूच. त्या सुमारास आपले जवान पुन्हा शांतिसेनेत जाऊ लागले, आफ्रिकेत, कुठे कुठे. लाजोआंटीकडे रंगीत टीव्ही होता. बातम्यांत आभाळी टोप्या दिसल्या की काका उठून उभे राहायचे. "बघ, बघ, नॉर्वे, तो बघ! टोपी तीच आहे!" मी शनिवारी माहेरी आलेली असले की मला हाताला धरून पडद्यापर्यंत न्यायचे. पण एकदा वेगळीच बातमी आली. एका देशात शांतिसेना होती आणि तरीही माणसं मारली गेली, गावंच्या गावं. काका उभे राहिले नाहीत. मी म्हटलं, "काका, मग काय उपयोग हो या टोपीचा?" मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "टोपीचा काही उपयोग नसतो गं. चारच माणसं पाठवली, हात बांधून पाठवली, तर टोपी काय करणार? आपल्याकडे पण पहिल्या दिवशी चारच होतो. नंतर दोन्ही आळ्या आल्या म्हणून जमलं. सगळ्या देशांनी यायला पाहिजे. सगळ्यांनी. तोपर्यंत मधे उभं राहणं सोडायचं नाही." मला त्या दिवशी काकांचा राग आला होता, कारण मला सोपं उत्तर हवं होतं. आता वर्गात शांतिसेनेचा धडा आला की मी त्यांचं हेच उत्तर सांगते, मार्कांना येणार नाही असं बजावून.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी शाळेतून थेट तिथे पोचले तेव्हा त्यांच्या अखेरच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. आमच्या आळीत प्रत्येकाच्या घरात नळ, पाण्याला तोटा नव्हता. तरी लाजोआंटी स्वतःच्या घरून हंडा भरून घेऊन आली. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी. कुणी म्हणालं, पाणी आहे हो इथं. आईने त्या माणसाला हातानेच गप्प केलं आणि पुढे होऊन हंड्याला हात लावला. दोघींनी मिळून तो आत नेला. तोच हंडा होता की दुसरा, हे मला विचारायचं सुचलं नाही. आईच्या कपाळावरची खूण तेवढी मला दिसत होती.

गेल्या रविवारी मी तिथे गेले. भीती वाटत होती, रिकामं स्टूल बघवणार नाही म्हणून. वळणावरून बघितलं तर स्टुलावर कोणी तरी बसलेलं. सुमनकाकू! आयुष्यभर आतल्या खोलीतून "शेजारी काय म्हणतील" म्हणून ओरडणाऱ्या सुमनकाकू, कोरड्या नळाजवळ, भर सकाळी, आळीच्या मधोमध. डोक्यावर पदर आणि पदरावर ती आभाळी टोपी. बाजूच्या दगडावर दोन अर्धे कप. वाफ येत होती. एका दारात आई उभी, दुसऱ्या दारात लाजोआंटी, आणि दोघींचं लक्ष कपांकडे.

मी शेजारी उकिडवी बसले. काकूंनी एक घोट इकडचा घेतला, एक तिकडचा. मी हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला तरी सांगितलं होतं का हो त्यांनी? कोणाचा चहा चांगला ते?"

"सांगितलं होतं की. मला नाही सांगणार तर कोणाला?"

"मग कोणाचा?"

काकूंनी आधी आईच्या दाराकडे बघितलं, मग लाजोआंटीच्या. दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ड्युटीवर आहे मी," त्या म्हणाल्या.